चार बोटं

मंदा गवत पायानं मोजते.
चपलेचा पट्टा नुसता बुडला, तर अजून नाही.
पोटरीच्या मध्यावर पातं हुळहुळलं
की वाकून तार सोडते
आणि नऊ गाई, मागून दहावी बांडी,
माना घालून आत शिरतात.
खर्र, खर्र.
कुणीतरी ओलं धडुतं फाडत बसल्यासारखं.

जांबूतला आमचं दोन एकर मारवेल,
कुकडीवरच्या मोटरीवर.
बारा तुकडे, मध्ये झटक्याची तार,
आणि तुकड्यांना तिनं ठेवलेली नावं:
चिंचेचा, पाइपफुटीचा, सासूचा (त्यात दगड फार).
शेजारच्या उसात बिबट्या आहे,
त्यामुळे दिवस कलायच्या आत सगळ्या गोठ्यात.

बाहेर कधी काढायच्या, असं एकदा विचारलं मी.
तिनं पंजा आडवा करून मातीला टेकवला.
“चार बोटं. एवढं त्याचं त्याला.
पुन्हा यायचं तर कशातून येईल?”
मी हसलो.
हिरवं दिसतंय आणि सोडून द्यायचं!

फेब्रुवारीत ती ओतूरला गेली, बहिणीच्या बाळंतपणाला.
पंधरा दिवस.
मी म्हटलं, हिला आल्यावर दाखवू.

ती युरिया टाकते वाटीनं.
गाई निघाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी,
भुई ओली असताना, ऊन उतरल्यावर,
आणि मग त्या तुकड्याकडे तीन आठवडे बघायचंही नाही.
मी टाकला गोणीनं. दोन गोण्या.
चिंचेच्या तुकड्यात, भर दुपारी, कोरड्या भुईवर.
संध्याकाळी वास सुटला, डोळ्यांत पाणी आलं.
नाकाला झोंबत होते ते माझेच पैसे,
हे तेव्हा कुठं कळतंय.
रात्री पाणी सोडलं.

आठव्या दिवशी गवत काळंभोर.
रस्त्यानं जाणाऱ्या बबन गाजऱ्याला थांबवून दाखवलं.
तो म्हणाला, “बापरे, काय खाऊ घातलंस याला?”
मला ती शाबासकी वाटली.

दोन दिवस आभाळ होतं.
तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशी गाई मी आत सोडल्या,
आणि बुडापर्यंत खाऊ दिल्या.

दुपारी बांडी थरथरायला लागली.
ओठ जांभळे. भात्यासारखा श्वास.
शेखडॉक्टरांनी सुई काढली तर रक्त
काकवीसारखं. तपकिरी.
“हिनं गवत खाल्लंय की खत?”
मग शिरेत निळं औषध, हळूहळू,
आणि मी मान धरून बसलेला,
माझ्या मांडीवर तिची लाळ.

बांडी उठली. दोन दिवस हिरवट निळं मुतली.
पाचव्या दिवशी सहा महिन्यांचं वासरू टाकलं.
कालवड होती.

मंदा आली. गोठ्यात गेली.
बराच वेळ बाहेर आली नाही.
रात्री वही काढली, पुढे दुधाचा, मागे खर्चाचा हिशेब असलेली.
डॉक्टर, औषध, डेअरीत कमी गेलेले लिटर
एकाखाली एक मांडले.
आणि शेवटच्या ओळीत, त्याच अक्षरात:
हौस, दोन गोण्या.

त्यावर ती काही बोलली नाही. आजतागायत.

आता वाटी माझ्याकडे असते.
पाइपफुटीच्या तुकड्यात शेणाचे पो वाळतात,
तिथं खत टाकू नकोस म्हणते, तिथं आधीच आहे.
मी टाकत नाही.
वर्षाला युरिया निम्म्यावर आला,
संस्थेत फॅट तीन-आठ लागते,
बांडी पुन्हा गाभण आहे, चौथा चालू.

गाई काढताना मी पंजा टेकवतो.
माझी बोटं जाड.
माझी चार म्हणजे तिची पाच.
मी हात तिरका करून बघतो, सारखं करू म्हणून.
ती तारेपलीकडून म्हणते,
“राहू दे.
तेवढं जास्त राहू दे.”